बाल्टिमोरच्या बाळांसाठी चाळीस गोधड्या: कुणाकडे द्याव्यात?

तुळशीकट्टा:

नमस्कार मंडळी. मी अमेरिकेत बाल्टिमोरजवळ एलिकॉट सिटीला राहते. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एकमेकींना प्लास्टिकचे डबे वाण म्हणून देण्यापेक्षा तेच पैसे आणि तेच हात शहरातल्या गरजू बाळंतिणींसाठी लावायचे, असं आमच्या मंडळातल्या बायकांनी ठरवलंय. विषय मीच काढला, त्यामुळे चौकशीही माझ्याच गळ्यात आहे.

विषय का काढला ते सांगते. माझी लेक 31 व्या आठवड्यातच जन्मली. 38 दिवस ती एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात होती. शेजारच्या काचपेटीत एका कृष्णवर्णीय बाईचा मुलगा होता. मी नवऱ्याच्या गाडीतून दिवसातून दोनदा जायचे. ती रात्रपाळी संपवून, दोन बस बदलून यायची. पेटीच्या झरोक्यातून हात आत घालून बाळाच्या पाठीवर तळवा नुसता टेकवून ठेवायची, चोळायची नाही. एवढ्या लहान जिवाला चोळलेलं सोसत नाही, असं तिला नर्सने सांगितलं होतं. मला ते कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. मी तिचं बघून शिकले. एका सकाळी ती पेटी रिकामी दिसली. बाळ घरी गेलं असेल असं मी धरून चालले. विचारायचा धीर झाला नाही.

लेक आता सहा वर्षांची आहे. मध्यंतरी कुठेतरी आकडे वाचले: 2022 साली अमेरिकेत दर हजार जन्मांमागे गोऱ्या आयांची साडेचार बाळं पहिल्या वाढदिवसाआधी गेली आणि कृष्णवर्णीय आयांची जवळपास 11. तेव्हापासून ती रिकामी पेटी डोळ्यांसमोरून हलत नाही.

तर, जुन्या सुती साड्यांच्या 40 छोट्या गोधड्या शिवायच्या, सोबत मोहरीच्या उशा आणि पाळण्याच्या कडेला बांधायचे मऊ बंपर द्यायचे, असा बेत आहे. सासूबाई साताऱ्याहून आल्यात, त्यांनी सहा गोधड्या पुऱ्याही केल्या. हे कुठे नेऊन द्यावं? आणि आपण असं थेट गेलेलं तिथल्या बायकांना चालेल का? कुणाला अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.

---

सोलापूरची सिस्टर:

तुळशीकट्टा ताई, लेकीला माझे आशीर्वाद सांगा. मी सोलापूरला जीएनएम हा नर्सिंगचा कोर्स केला, इथे येऊन परीक्षा दिल्या, काही वर्षं एनआयसीयूत काढली आणि नंतरची चौदा वर्षं पश्चिम बाल्टिमोरमध्ये घरोघरी जाऊन गरोदर बायका आणि बाळंतिणी बघितल्या. त्यामुळे जे लिहिते ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

आधी कडू सांगते, राग मानू नका. बाळाच्या पाळण्यात गोधडी नको, मोहरीची उशी नको आणि बंपर तर अजिबात नको. तीन-चार महिन्यांचं बाळ हातपाय मारताना गोधडी तोंडावर ओढून घेतं, पण ती बाजूला करण्याएवढी ताकद मानेत आणि हातात नसते. मग आपणच सोडलेला श्वास ते परत आत घेत राहतं. रडतही नाही. बंपरच्या विक्रीवर बंदी घालणारं पहिलं राज्य आपलं मेरीलँड, 2013 साली. 2022 मध्ये सगळ्या देशासाठीच कायदा झाला. तुम्ही शिवलेले बंपर उद्या कुणी घेतले नाहीत तर वाईट वाटून घेऊ नका.

बाल्टिमोरमध्ये याला एबीसी म्हणतात: अलोन, बॅक, क्रिब. बाळ एकटं, उताणं आणि पाळण्यात झोपवायचं, आणि घरात कुणी सिगारेट ओढायची नाही. आईच्या खोलीतच, पण वेगळ्या अंथरुणावर. 1994 साली अमेरिकेत बाळांना उताणं झोपवा म्हणून मोठी मोहीम निघाली. पुढच्या काही वर्षांत झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या निम्म्यावर आली. पण कृष्णवर्णीय आणि गोऱ्या बाळांमधलं अंतर मिटलं नाही.

2009 साली बाल्टिमोर शहरात हजारामागे साडेतेरा बाळं जात होती. त्याच वर्षी शहराच्या आरोग्य खात्याने आणि फॅमिली लीग या संस्थेने मिळून ‘बी मोर फॉर हेल्दी बेबीज’ हा कार्यक्रम सुरू केला. 2015 पर्यंत तो आकडा 8.4 वर आला. त्यानंतर तो दरवर्षी सरळ उतरतच गेला असं नाही, पण सहा वर्षांत एवढा फरक पडला हे खरं. त्यांनी एक व्हिडिओ केला. त्यात डॉक्टर बोलत नाहीत, झोपेत बाळ गमावलेल्या याच शहरातल्या आया बोलतात. बाळंतपणाच्या वॉर्डात तर तो दाखवायचेच, शिवाय कोर्टात जूरी ड्यूटीला (पंच म्हणून) येऊन बसलेल्या लोकांनाही दाखवायचे. त्या बाकांवर शहरातली सगळीच माणसं येतात. आजी, मामा, शेजारी, बाळ रात्रीपुरतं ज्यांच्याकडे असतं ती सगळी.

आता माझी चूक सांगते. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिच्यातच आहे.

सुरुवातीची वर्षं होती. दारापुढे संगमरवरी पायऱ्या असलेल्या जुन्या रांगेतल्या घरात एक सव्वीस वर्षांची आई होती. पहिलं बाळंतपण 27 व्या आठवड्यात झालेलं, हे दुसरं मूल दोन महिन्यांचं. बाळ सोफ्यावर पालथं झोपलेलं होतं, कडेला उश्यांची तटबंदी. घरात तिची आजीही होती, पाच मुलं वाढवलेली. मी बॅगेतून कागद काढले आणि पंधरा मिनिटं बोलले. सोफा किती धोक्याचा, पालथं का नको, पाळणा का हवा. माझं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. आई मान हलवत राहिली. आजी खिडकीबाहेर बघत राहिली. मी फॉर्मवर खूण केली, ‘सुरक्षित झोपेबद्दल समुपदेशन केले’, आणि निघाले.

पुढच्या खेपेला माझ्याबरोबर आमची एक सहकारी आली. तिच्याकडे ना डिग्री ना युनिफॉर्म, पण त्याच मोहल्ल्यात वाढलेली. तिचं स्वतःचं बाळ झोपेत गेलं होतं. ती आत आली, बूट काढले, जमिनीवर बसली आणि आजीला म्हणाली, “रात्री कितीदा उठावं लागतं हो?” एवढंच. आजी बोलायला लागली. वीस मिनिटांनी ती आम्हाला वर घेऊन गेली. पाळणा होता. अगदी चांगला लाकडी पाळणा, आजीने हप्त्याने घेतलेला. आणि त्या पाळण्यात गादीच्या जागी ॲल्युमिनियमचं मोठं पातेलं ठेवलेलं होतं. छतातून पाणी ठिबकत होतं. झोपायची खोली तेवढी एकच, पाळणा जिन्यावरून खाली येईना, घरमालक फोन उचलेना.

पातेल्यात ठिबकणारा तो आवाज मला अजून ऐकू येतो. मी पंधरा मिनिटं त्यांना पाळण्याचं महत्त्व पटवत होते!

त्या दुपारी आमच्या सहकारीने तीन फोन केले. घडीचा पाळणा दुसऱ्या दिवशी आला आणि पुढच्या खोलीत लागला. छताला तीन महिने लागले. बाळ मोठं झालं, शाळेत जातं.

म्हणून सांगते, ताई. ज्ञान कमी पडतं म्हणून ही बाळं जात नाहीत. कमी पडतं ते विचारणारं माणूस, आणि विचारल्यावर आलेल्या उत्तराचं पुढे काहीतरी करणारं माणूस. बाल्टिमोर हे असं शहर आहे की 1910 साली इथे कृष्णवर्णीयांनी गोऱ्यांच्या गल्लीत घर घ्यायचं नाही आणि गोऱ्यांनी त्यांच्या, असा चक्क कायदा झाला होता. पुढे सुप्रीम कोर्टाने लुइव्हिलच्या खटल्यात असे कायदे मोडीत काढले, मग सरकारी नकाशांवर लाल रंगात दाखवलेल्या त्याच वस्त्यांना बँकांनी कर्ज नाकारलं. छत गळतं ते तिथपासून. ते अर्ध्या तासाच्या समुपदेशनाने बंद होत नाही.

तुम्ही थेट जाऊ नका. अप्टन आणि ड्रुइड हाइट्स भागात युनिव्हर्सिटी ऑफ मेरीलँडच्या समाजकार्य विद्यालयाचं प्रॉमिस हाइट्स नावाचं काम आहे, बी मोर फॉर हेल्दी बेबीजचं त्या भागातलं काम तेच बघतात. त्यांना फोन करा आणि विचारा, “या महिन्यात काय कमी पडतंय?” वस्तू ठरवून नेऊ नका. उत्तर बहुतेक वेळा कंटाळवाणं असतं: घडीचे पाळणे, त्यांच्या मापाच्या घट्ट बसणाऱ्या चादरी, अंगात घालायच्या झोपेच्या पिशव्या, पाच नंबरचे डायपर. लहान मापाचे डायपर सगळेच देतात, मोठे कुणी देत नाही. आणि गाडी. तपासणीला न्यायला-आणायला गाडी आणि ती चालवणारं माणूस.

तुमच्या शेजारच्या पेटीतली ती बाई रात्रपाळी करून येत होती, कारण या देशात सगळ्या आयांना मिळेल अशी पगारी बाळंतपणाची रजाच नाही. 1993 च्या कायद्याने 12 आठवडे बिनपगारी रजा मिळते, तीही पन्नास किंवा अधिक माणसं असलेल्या ठिकाणी आणि वर्षभर नोकरी झालेली असेल तर. आपल्याकडे सव्वा महिना बाळंतिणीला उठू देत नाहीत. इथे मी दहाव्या दिवशी कॅश काउंटरवर उभी राहिलेली आई पाहिली आहे.

---

रोखठोक:

सिस्टर, तुमच्या कामाबद्दल आदर आहे, पण एक शंका विचारतो. आपणही परदेशातून आलो, आपलाही रंग सावळा. तरी आशियाई बाळांचा मृत्युदर इथे गोऱ्यांपेक्षाही कमी आहे. मग हा प्रश्न शिक्षण, उत्पन्न, आहार, धूम्रपान यांचा नाही का? वंशभेदाचं नाव पुढे केलं की सुधारता येण्याजोगी कारणं बाजूला पडतात, असं मला वाटतं. चुकत असेन तर समजावून सांगा.

---

सोलापूरची सिस्टर:

रोखठोक, तुम्ही नीट विचारलंत म्हणून नीट उत्तर देते.

धूम्रपानापासून सुरू करू. अमेरिकेत गरोदरपणी सिगारेट ओढण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय बायकांत गोऱ्या बायकांपेक्षा कमी आहे. शिक्षणाचं बघा. पदवीधर कृष्णवर्णीय आईच्या बाळाला पहिल्या वर्षात असलेला धोका तेवढ्याच शिकलेल्या गोऱ्या आईच्या बाळापेक्षा कितीतरी जास्त आहे. शिक्षणाने सगळ्यांचाच धोका उतरतो, पण हे अंतर मिटत नाही.

मग कुणी म्हणेल रक्तातच असेल. 1997 साली शिकागोच्या रिचर्ड डेव्हिड आणि जेम्स कॉलिन्स या डॉक्टरांनी इलिनॉयमधल्या जन्मांचा अभ्यास छापला. आफ्रिकेत जन्मून इथे आलेल्या बायकांच्या बाळांची वजनं इथल्या गोऱ्यांच्या बाळांच्या जवळ होती, इथेच जन्मलेल्या कृष्णवर्णीय बायकांच्या बाळांच्या जवळ नव्हती. रक्तात असतं तर उलट दिसायला हवं होतं. पुढच्या अभ्यासात त्यांना आढळलं की परदेशातून आलेल्या कृष्णवर्णीय बायकांच्या लेकी इथे वाढल्या आणि त्यांना बाळं झाली, तेव्हा वजनं खाली आली. एका पिढीत असं काय बदललं? आर्लिन जेरोनिमस या संशोधिकेने 1992 मध्ये याला ‘वेदरिंग’ म्हटलं. ऊन-पावसाने दगड झिजतो तशी शरीराची झीज. दुकानात मागे लागणारा रखवालदार, घर नाकारणारा मालक, ऐकून न घेणारी खिडकी, हे रोज सोसून वय तिशीचं असलं तरी रक्तवाहिन्या त्याहून थकलेल्या असतात. 2022 मध्ये कृष्णवर्णीय आयांची सुमारे साडेचौदा टक्के बाळंतपणं वेळेआधी झाली, गोऱ्या आयांची साडेनऊ टक्क्यांच्या आत. मरणाच्या आकड्यातला मोठा फरक इथूनच येतो.

आपलं म्हणाल तर इथे आलेली भारतीय मंडळी बहुतेक शिकून, नोकरी आणि विमा हातात घेऊन आलेली. आणि गंमत नाही, आपल्या आयांची बाळं इथेही वजनाने कमीच भरतात. तरी जगतात. कारण बाळ अडचणीत आलं की आपल्यासाठी लोक धावतात.

हे मी ऐकीव सांगत नाही. मी बघत होते त्यांतली एक शाळामास्तरीण होती. एम.ए., लग्न झालेलं, उत्तम विमा. 33 वा आठवडा. डोकं ठणकत होतं, पायांवर सूज, डोळ्यांपुढे काजवे. मी तिला घेऊन दवाखान्यात गेले. कुठला ते लिहीत नाही. खिडकीवर तिने एकदा सांगितलं, बसा म्हणाले. चाळीस मिनिटांनी परत सांगितलं, “फार टेन्शन घेताय” म्हणाले. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा तिचा आवाज चढला आणि समोरच्या मुलीने सिक्युरिटीकडे बघितलं. मग मी उठले, गळ्यातलं ओळखपत्र पुढे केलं आणि माझ्या सोलापुरी इंग्रजीत म्हणाले, “प्लीज, हिचं बीपी घ्या.” दोन मिनिटांत मशीन आलं. 178 वर 112. त्याच संध्याकाळी सिझर करावं लागलं. मुलगी झाली, 1 किलो 600 ग्रॅम. वाचली.

त्या खोलीत परदेशी मी होते. उच्चार माझे अडखळत होते. तिचं इंग्रजी माझ्याहून शंभर पटीने चांगलं. बीपीचं मशीन तरी माझ्या शब्दावर आलं. उत्पन्न, आहार, शिक्षण, सगळं होतं तिच्याकडे. तुम्हीच सांगा, सुधारता येण्याजोगं कारण यात कुठलं?

मी तर म्हणते हे ऐकून न घेणंच सगळ्यात सुधारता येण्याजोगं आहे. ज्यांना धोका आहे अशा गरोदर बायकांना 12 आठवड्यांनंतर 81 मिलिग्रॅम ॲस्पिरिन रोज द्यावी, बीपी चढण्याचा धोका त्याने कमी होतो, हे इथल्या मार्गदर्शक सूचनांत आहे. गोळी अगदी स्वस्त. पण ती लिहून देण्याआधी कुणीतरी त्या बाईचा आधीच्या बाळंतपणाचा इतिहास नीट बसून ऐकायला हवा ना. मेरीलँडमध्ये मेडिकेडवरच्या, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी विम्यावरच्या गरोदर बाईची पहिली तपासणी झाली की दवाखान्याने जोखमीचा एक फॉर्म भरून आरोग्य खात्याला पाठवायचा असतो. तो वेळेवर गेला तर कुणीतरी तिच्या दारी जातं. नाही गेला तर ती आम्हाला आठव्या महिन्यात सापडते.

---

गटप्रवर्तक धानोरा:

नमस्कार. मी गडचिरोली जिल्ह्यात आशा गटप्रवर्तक आहे. अमेरिकेतलं मला काही ठाऊक नाही, भाचीने ही चर्चा पाठवली म्हणून वाचली. पण सिस्टरताईंनी पातेल्याचं लिहिलं ते वाचून लिहावंसं वाटलं.

आमच्याकडे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी त्यांच्या ‘सर्च’ या संस्थेच्या 39 गावांत गावातल्याच बायांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळाची देखभाल सुरू केली. 1999 साली लॅन्सेटमध्ये ते छापून आलं. नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले होते. आज देशभर आशा बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते, ते त्याच कामावरून आलं. बाळंतपण घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही.

ताईंनी झोपेच्या पिशवीचं लिहिलं. आमच्या बायांच्या पेटीतही बाळाला ऊब राहावी म्हणून पिशवी होती! गोधडी सरकते, पिशवी सरकत नाही. थंडीत कमी वजनाचं बाळ गार पडलं की संपलं, म्हणून.

मी स्वतः मराठी बोलणारी. एका पाड्यावर गोंड बाळंतीण होती, बाळ दीड किलोच्या आसपास. मी तिला मराठीतून पोटाशी धरायचं, दर दोन तासांनी पाजायचं समजावत होते. ती हो हो करत होती. आमची आशा त्याच पाड्यावरची. ती गोंडीत काहीतरी दोनच वाक्यं बोलली आणि बाई रडायला लागली. तिची आधीची दोन गेली होती. हेही जाईल म्हणून ती त्याला जवळच घेत नव्हती, माया लागेल म्हणून. माझ्या रजिस्टरात तिची आधीची बाळंतपणं फक्त आकडा म्हणून होती. ते बाळ राहिलं. मी रोज फोन करून वजन विचारायचे. 1 किलो 900 झालं त्या दिवशी आशाने मला वजनकाट्याचा फोटो पाठवला, तो अजून मोबाइलमध्ये आहे.

एक गोष्ट मात्र बोलते. ज्या बाईवर हे सगळं उभं आहे तिला आमच्याकडे पगार नाही, मानधन आणि मोबदला आहे. तुमच्याकडे त्या सहकारी बाईंना काय मिळतं? वेळेवर मिळतं का?

---

तुळशीकट्टा:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल मंडळाच्या बैठकीत हे धागे मोठ्याने वाचून दाखवले. पातेल्याशी आल्यावर मला पुढचं वाचवेना, मैत्रिणीने पुरं केलं.

प्रॉमिस हाइट्सला फोन केला. “या महिन्यात काय कमी पडतंय?” हेच विचारलं. पलीकडची बाई क्षणभर थांबली आणि म्हणाली, “थँक यू फॉर आस्किंग.” बंपर आणि उशा रद्द. पैशांतून घडीचे पाळणे घ्यायचे ठरले आणि अकराजणींनी गाडी चालवायला नाव दिलंय. माझंही आहे.

दोन प्रश्न उरले. एक, गटप्रवर्तक ताईंनी विचारलेला, तो आमच्याही मनात आहे. वस्तूंपेक्षा त्या मोहल्ल्यातल्या बायकांच्या पगारासाठी पैसे देणं बरं का? दोन, सासूबाईंच्या सहा गोधड्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण कालपासून सुई हातात घेतलेली नाही. त्यांना काय सांगू?

---

सोलापूरची सिस्टर:

गटप्रवर्तक ताई, तुम्हाला लांबूनच नमस्कार. इथेही तीच रड आहे. आमची ती जमिनीवर बसणारी सहकारी माझ्या निम्म्या पगारावर काम करायची, आणि अनुदान संपलं की पहिली तिचीच नोकरी जायची. दोनदा गेली. 2022 पासून मेरीलँडमध्ये मेडिकेड दूलांच्या कामाचे पैसे देतं, म्हणजे गरोदरपणात, बाळंतपणाच्या वेळी आणि नंतरही सोबत राहणाऱ्या बायकांच्या. सुईणपणाची डिग्री नसलेली पण सोबत न सोडणारी बाई म्हणा. पण नोंदणीचे कागद, प्रशिक्षणाचा खर्च आणि बिलं पास होईपर्यंतचे आठवडे, यात मोहल्ल्यातल्या बाया गळतात. तुळशीकट्टा, म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर हो. मंडळाने एका बाईच्या प्रशिक्षणाची फी भरली तर ती पुढे वर्षानुवर्षं घरोघरी जाईल. प्रॉमिस हाइट्सवाल्यांना विचारून बघा, अशी कुणी त्यांच्या नजरेत आहे का.

सासूबाईंच्या गोधड्या बाळाला नाहीत, आईला द्या. बाळाच्या मापाच्या दोन-दोन जोडून मोठी करा, मांडीवरून पायांपर्यंत पुरेल अशी. रात्री दोन वाजता पाजायला उठलेल्या बाईच्या पायांवर ती असू दे, आणि पाजून झालं की बाळ पाळण्यात आणि गोधडी खुर्चीवर. दिवसा बाळ जागं असताना, कुणी समोर बसलेलं असताना, जमिनीवर अंथरून त्याला पोटावर खेळवायलाही चालेल. फक्त आरसे, टिकल्या, बटणं, गोंडे असतील ते उसवा. बिनवासाच्या साबणात दोनदा धुवा, नेप्थलीनचा वास राहू देऊ नका. जोडून झाल्या की तीन होतील, त्यांना सांगा आणखी हव्यात.

गाडी चालवणाऱ्या अकराजणींसाठी: बाळाची सीट मागे तोंड करून बसवायची असते, आणि ती घट्ट बसलीय का हे अग्निशमन केंद्रावर किंवा सीट तपासणीच्या ठिकाणी दाखवून घ्या. तपासणीच्या दिवशी दारात हॉर्न वाजवू नका, उतरून बेल वाजवा. डॉक्टरकडे आत बोलावलं तर जा, नाहीतर बाहेर थांबा. आत गेलात आणि बाईने सांगितलेलं कुणी ऐकून घेत नसेल, तर तिच्याकडे बघून विचारा, “मी बोलू का?” ती हो म्हणाली तरच बोला.

पहिल्या फेरीला मी तुमच्याबरोबर येईन. सासूबाईंनाही आणा. इंग्रजी येत नाही म्हणून मागे राहतील, तर राहू देऊ नका. आया फॉर्म भरत असतात तेव्हा बाळ घ्यायला दोन मोकळे हात तिथे नेहमीच कमी असतात.